अंथरूण न धरणारें दुखणें

रोग आणि मरण यांचा वाङ्मयाला कधींच तोटा पडला नाहीं. कथेंतील नायिकेला क्षय होतो, नायक तापाच्या भरांत बरळतो, म्हातारा बाप अखेरच्या घटकेला मुलाला जवळ बोलावतो. आणि हे प्रसंग लेखकानें बेतानें लिहिले असले तर वाचकाचे डोळेहि ओले होतात. परंतु ज्या दुखण्यानें माणूस मरत नाहीं, ज्यांतून तो बराहि होत नाहीं, आणि जें अंगावर वागवीत त्याला रोज सकाळीं उठून कामाला जावें लागतें, त्या दुखण्याला आपल्या ललित वाङ्मयांत फार थोडी जागा मिळाली आहे. असें कां घडलें, आणि त्यामुळें आपल्या वाचनाचें व विचाराचें काय नुकसान झालें, याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय मोघम राहूं नये म्हणून एकच दुखणें डोळ्यांसमोर ठेवूं. तें म्हणजे झिजलेल्या खुब्याचें. मांडीच्या हाडाचा वाटोळा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटींत फिरतो. त्या दोहोंवरचें कूर्चेचें गुळगुळीत अस्तर झिजलें, किंवा रक्तपुरवठा तुटून तो गोळाच आंतून ढासळला, म्हणजे हें दुखणें सुरू होतें. प्रथम मांडी घालतां येत नाहीं. मग पायाचीं नखें काढतां येत नाहींत. मग उकिडवें बसणें, विळीवर बसणें, बसच्या पायरीवर पाय टाकणें हीं एकेक सुटत जातात. रात्रीं कुशीवर वळतांना जाग येते. यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे आणि तो उत्तम आहे. पण तो घरच्या मिळकतीपलीकडचा असला तर पुढचीं दहा-पंधरा वर्षें त्या माणसाला ह्याच खुब्यावर काढावीं लागतात. अशीं माणसें दुर्मिळ नाहींत. जिना चढतांना कठडा धरून मध्येंच थांबणारी, आणि मागून कोणी आलें तर पदर सांवरण्याचें निमित्त करणारी बाई पुष्कळांनीं पाहिली असेल. ती आपल्या कथांत क्वचितच कां भेटते, हा प्रश्न आहे.

आजारपण आणि वाङ्मय यांच्या संबंधाची चर्चा निघाली म्हणजे व्हर्जिनिया वुल्फ हिच्या निबंधाचा उल्लेख होतोच. टी. एस. एलियट संपादक असलेल्या 'न्यू क्रायटेरियन' नियतकालिकांत तो १९२६ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. आजारपण इतकें सार्वत्रिक असूनहि प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीला वाङ्मयानें त्याला बसविलें नाहीं, ही तिची तक्रार; आणि ती आजहि रास्त आहे. पण निबंध बारकाईनें वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. तिचा आजारी माणूस आडवा झालेला आहे. उभ्यानें वावरणाऱ्यांच्या रांगेंतून तो बाजूला पडला आहे, आणि बाजूला पडल्यामुळेंच त्याला एरवीं न दिसणारें आकाश दिसतें, ढगांचे खेळ दिसतात, कवितेंतल्या शब्दांचा नाद नव्यानें ऐकूं येतो. आजारपणाचें हें सौंदर्य खरें आहे, पण तें उशीवर डोकें टेकणाऱ्याला लाभणारें आहे. खुबा दुखत असतां जिला चार घरचीं भांडीं घासावयाचीं आहेत तिला आकाश दिसत नाहीं. तिला मोरीचा उंबरा दिसतो.

टॉल्स्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यु' (१८८६) ही दीर्घकथा याहून खोल जाते. पडदा कसा लावावा हें दाखवितांना न्यायखात्यांतला हा अधिकारी शिडीवरून घसरतो, त्याच्या कुशीला मार बसतो, आणि तेथून वेदना त्याच्या नेटक्या आयुष्यांत शिरते. घरचीं माणसें त्याच्याशीं खोटें बोलतात. खरेपणानें वागतो तो एक गेरासिम नांवाचा खेडवळ नोकर. तो धन्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन तासच्या तास बसतो, कारण पाय वर असले म्हणजे धन्याला बरें वाटतें. दुसऱ्याच्या वेदनेला साधा मान देण्याचें इतकें सुंदर चित्र जगाच्या वाङ्मयांत विरळा. तरीहि आजच्या वाचकाच्या मनांत एक प्रश्न उरतोच. गेरासिमचा खुबा दुखूं लागला तर त्याचे पाय कोण धरील? टॉल्स्टॉयनें तो विचारला नाहीं, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याची गोष्ट मरणाची होती. गेरासिमची गोष्ट लिहावयाची राहिली आहे, एवढेंच आपण म्हणूं शकतों.

तिसरें उदाहरण फ्रेंच कादंबरीकार आल्फॉन्स दोदे (१८४०–१८९७) याचें. उपदंशानें त्याच्या मज्जारज्जूला ग्रासलें होतें, आणि आयुष्याच्या उत्तरकाळांत त्यानें आपल्या वेदनेचीं तुटक टिपणें करून ठेवलीं. तीं त्याच्या मरणानंतर, १९३० सालीं, 'ला दूलू' या नांवानें छापलीं गेलीं. हा वेदना या अर्थाचा प्रोव्हान्स प्रांताच्या बोलींतला शब्द. ज्यूलियन बार्न्स यानें २००२ मध्यें तीं इंग्रजींत आणलीं. तिन्हींपैकीं हें पुस्तक मला आपल्या विषयाला सर्वांत जवळचें वाटतें, कारण यांत कथानक नाहीं आणि मरणाचा सोहळाहि नाहीं. वेदना कशी येते, कोठें येते, तिच्यापायीं माणसाचा स्वभाव कसा बदलतो, घरच्यांपासून काय लपवावें लागतें, यांच्या या नोंदी आहेत. लामालू येथील गरम झऱ्यांवर उपचारासाठीं जमलेल्या इतर रोग्यांकडे पाहतां पाहतां लेखकाची नजर स्वतःवरून दुसऱ्यांवर जाते, तेथें तें पुस्तक मोठें होतें. तथापि शार्कोसारख्या नामांकित वैद्याची चिकित्सा, झऱ्यांवरचे मुक्काम, घरच्यांची शुश्रूषा हें सर्व दोदेला लाभलें होतें. त्याच्या रोगावर उपाय नव्हता, तो त्या काळीं कोणापाशींच नव्हता. उपाय आहे पण परवडत नाहीं, ही निराळी वेदना त्याच्या वाट्याला आली नाहीं.

या तीन ग्रंथांवरून वाङ्मयाचा एक कल दिसून येतो. वाङ्मयाला दुखणें चालतें, पण त्याला एक अंथरूण आणि एक शेवट लागतो. मराठींत 'अंथरूण धरणें' हा वाक्प्रचार आहे. अंथरूण धरलें म्हणजे दुखणें खरें ठरलें, मग शेजारीं विचारपूस करावयास येतात, भाजी निवडून देतात. जो अंथरूण धरीत नाहीं त्याचें दुखणें घरांतहि निम्मेंच खरें मानतात. कथाकारानेंहि हाच लोकरूढीचा निकष निमूटपणें स्वीकारला. शिवाय जें दुखणें बरें होत नाहीं आणि मारीतहि नाहीं त्यांतून कथानक निघत नाहीं. आजचा दिवस कालच्यासारखाच, आणि उद्यांचा कदाचित् किंचित् वाईट. सुसान सोंटॅग हिनें १९७८ सालच्या आपल्या पुस्तकांत क्षयाभोवतीं एके काळीं प्रतिभेचें व प्रेमाचें कसें वलय निर्माण झालें होतें तें दाखविलें आहे. खुब्याला असें वलय मिळण्याची आशा नाहीं. उलट वांकड्या चालीकडे पाहण्याची आपली जुनी खोड फारशी चांगली नाहीं. मंथरेच्या कुबडाशीं तिच्या वांकड्या मनाची सांगड घालून आपण लहानपणापासून गोष्ट ऐकत आलों आहों, आणि लंगडणारें पात्र रंगभूमीवर आलें कीं पिटांत अगोदर हशा पिकतो.

आतां भाषेचा प्रश्न. वेदना भाषेला मोडून काढते, असें एलेन स्कॅरी हिनें १९८५ सालीं एका गाजलेल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें. वुल्फलाहि इंग्रजी भाषा या कामीं दरिद्री वाटली होती. परंतु कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यानें रोग्यांच्या तोंडचे शब्द गोळा करून १९७५ मध्यें जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तींत वेदनेचीं ७८ विशेषणें २० गटांत मांडलेलीं आहेत. म्हणजे शब्द होते. ते रोग्यांपाशीं होते, ग्रंथकारांपाशीं नव्हते. मराठींत तर ही संपत्ति डोळे दिपविणारी आहे. ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी. ठणका एका जागीं नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो; कळ येते आणि ओसरते; चमक एका क्षणांत भरते आणि उचललेलें पाऊल तसेंच अडविते. सल खोल असतो व धक्क्यानें जागा होतो. रग ओझ्यानें किंवा एका स्थितींत फार वेळ राहिल्यानें लागते. उसण भरते, अंग आंबतें, पाय भरून येतात. सांधा प्रथम कुरकुरतो, मग धरतो, मग आखडतो. हे शब्द आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका रोज अचूक वापरतात. कळ म्हणावयाच्या जागीं त्या ठणका म्हणत नाहींत.

असें असतां आपला कथाकार काय लिहितो? तो 'असह्य वेदना' असें लिहितो. या विशेषणाइतकें आळशी विशेषण मराठी गद्यांत दुसरें क्वचितच सांपडेल. ज्या वेदनेसह बाई पाणी भरते, डबा करते, गाडी पकडते, ती असह्य कशी? ती सहन केली जात आहे, हाच तर सांगण्यासारखा मुद्दा आहे. आणि ती कशी सहन केली जाते, कोणत्या युक्तीनें, कोणत्या किंमतीवर, कोणत्या वेळीं किती, हें सांगणें हेंच लेखकाचें काम. 'असह्य' म्हटलें कीं तें काम टळतें.

खुब्याच्या दुखण्याची आणखी एक खोड आहे. खुबा आणि गुडघा यांच्या मज्जातंतूंचे उगम सामाईक असल्यामुळें दुखणें खुब्यांत असतां पुष्कळदां तें गुडघ्यांत जाणवतें. नवशिका वैद्य गुडघाच तपाशीत बसतो. टीकाकारानें हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या कौटुंबिक कादंबऱ्यांत चिडखोर सासवा आहेत, तुसडे बाप आहेत, सणाच्या दिवशीं नेमकें तोंड फिरविणाऱ्या आत्याबाई आहेत. लेखक याला स्वभाव म्हणतो आणि पुढें जातो. त्यांतल्या कित्येकींना रात्र रात्र झोंप नसेल, कित्येकांना पाटावर बसण्याची धास्ती वाटत असेल, ही शंका लेखकालाहि येत नाहीं व टीकाकारालाहि येत नाहीं. कळ एकीकडे उमटते, मूळ दुसरीकडे असतें.

यापुढचा मुद्दा केवळ वाङ्मयाचा नाहीं. परंतु त्यावांचून वाङ्मयाचा निकाल लागत नाहीं. जॉन चार्नली या इंग्रज शल्यवैद्यानें १९६२ च्या नोव्हेंबरांत लँकशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयांत पोलादी गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी असा कृत्रिम खुबा बसविण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं टेफ्लॉनची वाटी वापरून पाहतां ती झिजली होती. तें अपयश पचवून त्यानें ही रीति सिद्ध केली. २००७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांतील एका लेखानें ह्या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हणून गौरविलें, आणि त्यांत अतिशयोक्ति नाहीं. वर्षांनुवर्षें लंगडणारीं माणसें तिच्यामुळें पुन्हां सरळ चालूं लागलीं. पण या शोधानें दुखण्याचा नैतिक अर्थहि बदलून टाकला, हें आपल्या लेखकांच्या लक्षांत आलेलें दिसत नाहीं. जोंवर उपाय नव्हता तोंवर खुब्याचें दुखणें हा प्रारब्धाचा भाग होता, आणि सोशिकपणा हें त्याला योग्य उत्तर होतें. उपाय निघाल्यावर तेंच दुखणें हिशेबाचा भाग झालें. आतां तें एवढ्यासाठीं टिकतें कीं कोणापाशीं तरी अमुक इतके रुपये नाहींत.

या हिशेबांत कांहीं फरक पडला आहे, तोहि सांगितला पाहिजे. केंद्र सरकारनें २०१७ च्या ऑगस्टांत गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली. त्या आदेशांत खुबा नव्हता. महाराष्ट्रांत २०१२ सालीं निघालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणारी आरोग्ययोजना पुष्कळांच्या उपयोगी पडली. ज्यांच्या घरीं असें दुखणें आहे त्यांनीं प्रथम सरकारी रुग्णालयांत व योजनेच्या कचेरींत चौकशी करावी, हेंच योग्य. पण नुसत्या चौकशीलाहि एका दिवसाची मजुरी जाते, आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे कामावर जातां येत नाहीं. त्या आठवड्यांची चूल कोणी पेटवावयाची हें कोणत्याहि दरपत्रकांत नसतें. शिवाय हें केवळ म्हातारपणाचें दुखणें नाहीं. विदर्भांतील आदिवासी व दलित समाजांत ज्याचा प्रादुर्भाव बराच आहे त्या सिकलसेल या रक्तविकारांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ऐन विशी-तिशींत तो ढासळतो. कामाची सगळी वर्षें पुढें असतांना हें ज्याच्यावर येतें त्याला आपण सोशिकपणाचे धडे देणार काय?

आपलें सोशिकपणाचें वाङ्मय येथें खोटें पडूं लागतें. दुःख हंसतमुखानें सोसणारी आई हें आपलें लाडकें चित्र. जिच्या दुःखावर कोणापाशींच इलाज नाहीं तिच्या धैर्याचें कौतुक करणें हें एक. जिचा इलाज पैशांवांचून अडला आहे तिच्या धैर्याचें कौतुक करून स्वस्थ बसणें हें दुसरें. पहिल्यांत आदर आहे. दुसऱ्यांत ऐकणाऱ्याची सोय आहे. ह्या दोहोंतला भेद न ओळखणारी कथा कितीहि हळुवार लिहिलेली असली तरी ती अप्रामाणिक आहे, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं.

आरोग्यविषयक लेखांचें गद्य हेंहि टीकेच्या कक्षेंत आणलें पाहिजे, कारण मध्यमवर्गीय घरांत कवितेहून तेंच अधिक वाचलें जातें. 'विश्रांति घ्यावी, जिने टाळावेत, पोहावयास जावें, वजन आटोक्यांत ठेवावें': यांतला प्रत्येक शब्द वैद्यकदृष्ट्या बरोबर असूं शकेल. चूक आहे ती वाक्याच्या कर्त्यांत. विश्रांति कोणी घ्यावी, हें तें गद्य सांगत नाहीं. ज्याला घेतां येते त्यालाच तें वाचक समजतें. याच्या उलट उदाहरण म्हणून वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिवैद्याचा १९५६ सालचा निबंध घ्यावा. 'काठी टाकून देऊं नका' असें त्याचें साधें नांव. एका पायावर भार येतो त्या क्षणीं खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीच ते तीन पट दाब पडतो, कारण कमरेला तोल देणारे स्नायु आंखूड तरफेनें ओढीत असतात. आणि दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातांत धरलेली काठी तो दाब पुष्कळच उतरविते. काठी दुखऱ्या बाजूलाच धरावी, असा बहुतेकांचा समज असतो. ब्लाउंटचा मुद्दा असा कीं काठी ही लाजेची खूण नाहीं, उपचार आहे. लेखनाची ही जात मला मोलाची वाटते, कारण तींत वाचकाला कीव येत नाहीं, कामाची गोष्ट मिळते.

अशा कामाच्या गोष्टी आणखीहि आहेत. काठीची मूठ उभ्यानें मनगटाच्या घडीशीं यावी. बैठक गुडघ्याहून उंच असावी. मांडीचे व कुल्ल्याचे स्नायु बळकट करणारा बेताचा नेमानें केलेला व्यायाम पूर्ण विश्रांतीपेक्षां हितकर ठरतो. एक किलो वजन उतरलें तर प्रत्येक पावलाला खुब्यावरचा भार त्याच्या दोन-तीन पटीनें उतरतो. वेदनाशामक गोळ्या बरेच दिवस मनानें घेतल्यास जठर व मूत्रपिंड बिघडतात. आणि सर्वांत महत्त्वाचें, अनोळखी पुड्या घेऊं नयेत; अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे, आणि स्टेरॉइडनेंच खुब्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेलें औषध सांधाच खाऊन टाकतें. ज्या लेखकाला शोकांतिका हवी आहे त्यानें ती येथें शोधावी.

मग या उभ्या दुखण्याला योग्य असें वाङ्मयरूप कोणतें? आपल्याकडे त्याला आधार नाहीं असें नाहीं. गीतेच्या तेराव्या अध्यायांत जन्म, मृत्यु, जरा, व्याधि यांतील दोष पाहण्याचा उल्लेख येतो. तेथें ज्ञानेश्वरांनीं म्हातारपणाचें जें वर्णन केलें आहे त्यांत एकेका अवयवाची दुर्दशा इतक्या धीट बारकाईनें टिपली आहे कीं आजच्या वास्तववाद्यांनीं तें पुन्हां वाचावें. मात्र तेथें हेतु वैराग्याचा आहे. अधिक जवळचा आधार जात्यावरच्या ओवीचा. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकारानें महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत. पहांटे एक पाय पसरून, एक दुमडून, जात्याचा खुंटा फिरवीत बाई जें गाते तें अंथरुणावरचें वाङ्मय नव्हे. श्रमणाऱ्या देहाच्या लयींतच तें जन्मतें, दोन-चार ओळींत संपतें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां सुरू होतें. त्याला शेवट लागत नाहीं. दोदेचीं टिपणें आणि आपली ओवी यांत हें साम्य आहे: रोज उगवणाऱ्या गोष्टीला रोजचें रूप. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनांत बाळंतिणींच्या उपाशी देहांचें जें उघडें कथन आहे त्याचाहि वंश याच बाजूचा आहे. तें वाचतांना वाचकाला हळहळून मोकळें होतां येत नाहीं.

यावर एक आक्षेप संभवतो. वाङ्मयाला दवाखान्याच्या बिलांत गुंतविलें तर त्याचें पत्रक होईल, असें रसिक म्हणतील. भीति खोटी नाहीं. तक्रारीच्या तोलाखालीं मोडलेल्या कथा आपण पाहिल्या आहेत. परंतु उपाय विषय टाळण्यांत नाहीं, अचूकपणांत आहे. खुबा दुखणाऱ्या माणसाचा दिवस हा निर्णयांनीं भरलेला असतो: कोणता जिना, कोणती बस, कोणत्या लग्नाला जावयाचें आणि कोठें खुर्ची मिळण्याची खात्री नाहीं म्हणून निमित्त सांगावयाचें, सांठविलेल्या पैशांतून मुलीची फी भरावयाची कीं खुब्याची तारीख घ्यावयाची. या शेवटच्या निर्णयांत जें नाट्य आहे तें राजवाड्यांतल्या कोणत्याहि पेंचाहून कमी नाहीं. तो निर्णय बहुधा एका वाक्यांत, भाकरी उलटतां उलटतां, घेतला जातो, आणि घरांतलीं बाकीचीं माणसें तो ऐकून न ऐकल्यासारखें करतात. कथाकारानें तें वाक्य ऐकावें आणि जसेंच्या तसें लिहावें. त्यांत 'असह्य' हा शब्द नसेल.